खुराखालची जमीन आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात नोकरी करतात, तीन वर्षांपासून जलरंगात काम करतात आणि सुट्टीला माण तालुक्यात मामांच्या गावी जाऊन बाहेर बसून रंगवतात. डोंगर, बाभळी, कौलारू घरं जमतात. जनावरं आली की मात्र सगळं बिनसतं. ती हलतात, रेखाटन अर्धवट राहतं, आणि पूर्ण झालंच तर बैल कात्रीनं कापून निसर्गचित्रावर चिकटवल्यासारखा दिसतो. फोटोवरून घरी केलेली चित्रंही तशीच दिसतात. शिवाय पांढऱ्या खिल्लाराला करडा रंग दिला की तो मळकट होतो. तर फोटोवरूनच करावं का, आणि पांढऱ्यासाठी कोणता रंग वापरावा?

मी खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात राहते. शाळेत चित्रकला शिकवली आणि सत्तावीस वर्षं शिवारात, गोठ्यात, जनावरांच्या बाजारात बसून रंगवत आले. त्यामुळे तुमचा मुलूख आणि तुमचे बैल, दोन्ही माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: फोटोवरून केलेली चित्रंही तशीच दिसतात. फोटोतला बैल तर हलत नाही! म्हणजे इथे दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. जनावर हलतं ही एक, आणि ते चिकटवल्यासारखं दिसतं ही दुसरी. पहिलीवर सरावानं मात करता येते. दुसरी बघण्याच्या पद्धतीतून येते, आणि बैल दगडासारखा उभा राहिला तरी ती तशीच राहील. म्हणून आधी दुसरीबद्दल बोलते.

सुरुवातीच्या काळात एका शेतकऱ्याच्या बांधावर बसून मी त्यांचा बैल काढत होते. शिंगं, वशिंड, डोळे सगळं मन लावून केलं होतं. ते गृहस्थ मागे येऊन बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, बैल झ्याक काढलाय. पर ह्यो उभा कशावर हाय?" मी चित्राकडे पाहिलं. खुराखाली कोरा कागद होता. जमीन मी नंतर 'भरणार' होते. त्या दिवसापासून माझा क्रम बदलला. जमीन आधी, तिच्यावर पडलेली सावली त्याच्या जोडीनं, आणि जनावर या दोन्हींतून वर येतं.

तुमचा बैल चिकटवलेला दिसतो याचं पहिलं कारण मला तुमची चित्रं न बघताही सांगता येईल, कारण बहुतेकांचं तेच असतं: दृष्टीची पातळी चुकते. सपाट माळावर क्षितिजरेषा नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. तुम्ही उभे असाल तर तुमचे डोळे जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास असतात. मोठा खिल्लार बैल वशिंडापाशी साडेचार फुटांच्या आसपास भरतो. म्हणजे उभं राहून काढताना माळावरच्या सगळ्या बैलांच्या पाठी क्षितिजाच्या किंचित खाली आल्या पाहिजेत, मग बैल दहा पावलांवर असो की दोनशे. तुम्ही स्टुलावर बसलात तर डोळे चार फुटांवर येतात, आणि क्षितिजरेषा प्रत्येक बैलाच्या पाठीच्या जरा खालून जाते. जमिनीवर सतरंजी टाकून बसलात तर ती पोटाच्या थोडी वरून जाते. लांबचा बैल लहान होतो, पण रेषा त्याला त्याच जागी छेदते. बहुतेक जण उभ्यानं निसर्ग रेखाटतात आणि मग बसून जनावर काढतात, किंवा फोटोतला बैल उचलून दुसऱ्याच उंचीवरून पाहिलेल्या माळावर ठेवतात. बघणाऱ्याला काय चुकलं हे सांगता येत नाही, पण बैल तरंगतोय हे लगेच कळतं.

हे सपाट जमिनीपुरतं. बैल चढावर असेल किंवा तुम्ही बांधावर आणि तो खाली शेतात असेल तर हिशोब बदलतो. शिवाय तुमच्या गावाला चहूकडे डोंगर आहेत, आणि डोंगराची कड म्हणजे क्षितिजरेषा नव्हे. बोर्ड डोळ्यांसमोर आडवा, अगदी सपाट धरा. त्याची वरची बाजूही दिसत नाही आणि खालचीही दिसत नाही, नुसती कड दिसते, ती तुमची पातळी. कड समोरच्या देखाव्यात जिथे येते तिथे कागदावर पेन्सिलीची फिकट खूण करून मगच कामाला लागा.

दुसरं कारण कडेचं. आपण जनावराची बाह्यरेषा सगळीकडे सारख्या धारेनं काढतो आणि आतला रंग त्या रेषेपर्यंत नेऊन थांबवतो. पण प्रत्यक्ष बघा. सकाळी साडेआठला माळावर उभ्या पांढऱ्या बैलाची उन्हातली पाठ मागच्या निळ्या डोंगरावर लख्ख उमटते, तिथे धार हवीच. त्याच बैलाचं पोट, पायांचा आतला भाग आणि खाली पडलेली सावली मात्र एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की पाय कुठे संपला आणि सावली कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. हे तिन्ही एकाच ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या एकाच थरात, करायचं. ब्रश पोटाखालून सुरू होतो, पायावरून उतरतो आणि न उचलता जमिनीवरच्या सावलीत पसरतो. ओलं असतानाच खुराशेजारी एक गडद ठिपका सोडायचा. एवढ्यानं बैल जमिनीवर उभा राहतो. पाय वेगळे, सावली वेगळी, असं वाळवून वाळवून केलं की तो पुन्हा कापलेला दिसतो.

फ्रान्सच्या रोझा बोनहर यांचं 1849 सालचं नांगरणीचं मोठं चित्र आहे. बैलजोड्या ओळीनं नांगर ओढत चालल्या आहेत, त्यांतले बरेच बैल पांढरे. मी आयुष्यात पाहिलेल्या जनावरांच्या चित्रांत ते मला सगळ्यात जवळचं वाटतं, आणि त्याचं कारण जमीन. पुढचा मोठा भाग नुसती उलथलेली ढेकळं आहेत, बैलांइतक्याच जिव्हाळ्यानं रंगवलेली. बैलांचं वजन आपल्याला त्या मातीतून कळतं. छापील प्रत किंवा मोबाइलवरचं चित्र मिळालं तरी बैल झाकून नुसती माती दहा मिनिटं बघा.

आता पांढऱ्या रंगाकडे येते, कारण त्यात तुमचे सगळ्यात जास्त कागद वाया जात असणार.

पांढऱ्या बैलासाठी ठरलेला रंग सांगता येत नाही. वेळ, ऋतू, जमीन आणि बैल या चौघांवर तो अवलंबून आहे. बैल म्हणाल तर तुमच्याकडे कोसा खिल्लार आणि काजळी खिल्लार यांतच फरक आहे. काजळीच्या मानेवर आणि वशिंडावर मुळातच काळसर झाक असते, ती सावली समजून चालत नाही. पण विचार कसा करायचा ते सांगते. पांढरं कातडं आरशासारखं समजा. वरच्या अंगावर आभाळ पडतं, खालच्या अंगावर जमीन. उन्हाचा थेट झोत जिथे आहे तिथे कागद कोरा सोडायचा, फार तर संध्याकाळी पिवळ्या ऑकरचं नावापुरतं पाणी. सावलीतल्या बाजूचा जो भाग वर आभाळाकडे तोंड करून आहे तो निळसर, तिथे कोबाल्ट निळा. आणि पोट? मुरमाच्या जमिनीवर उभ्या बैलाचं पोट जवळजवळ नारिंगी असतं. खरंच असतं, वाकून बघा. खालून मुरमाचा उजेड उसळून वर जातो. हिरव्या कडवळात उभा असेल तर तेच पोट हिरवट पिवळं दिसतं. काळ्या रानात नांगरताना हा उजेड फारसा मिळत नाही, म्हणून तिथे पोट थंड आणि गडद होतं.

तुमचा करडा मळकट होतो त्याचं कारण तो सगळीकडे एकच आहे, आणि बहुधा उन्हातल्या भागावरही तुम्ही थोडा फिरवता. मी ताटलीत करडा पूर्ण तयार करतच नाही. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना शेजारी शेजारी ठेवते. पाठीकडून निळं जास्त घेऊन सुरू करते, पोटाकडे येताना सिएना किंवा लाइट रेड सोडते, आणि दोघांना कागदावरच भेटू देते. मग हात काढून घेते. वॉश ओलसर असताना त्यात पुन्हा पुन्हा ब्रश घातला तर मळ तिथेच तयार होतो, रंग कितीही महागाचा असला तरी.

अजून एक गोष्ट, जी मला कळायला बरीच वर्षं लागली. पांढऱ्या बैलाची सावलीतली बाजू आपण फार फिकट रंगवतो, कारण डोक्यात 'पांढरा' हा शब्द बसलेला असतो. डोळे बारीक करून बघा. रणरणत्या उन्हातल्या मुरमाड जमिनीशी ती बाजू ताडून पाहा. बहुतेक वेळा ती जमिनीइतकीच गडद असते, कधी तिच्याहूनही गडद. ती हिमतीनं गडद करा, म्हणजे कोऱ्या सोडलेल्या पाठीवर ऊन आपोआप पडेल. पांढरा रंग ट्यूबमधून काढावा लागणार नाही.

म्हशीचं अगदी हेच, उलट बाजूनं. काळ्या ट्यूबला हात लावू नका. ओढ्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या म्हशीची पाठ आभाळाइतकी उजळ, जवळजवळ पांढरी निळी चमकते, आणि कोरडी झाली की ती धुळीनं तपकिरी होते. पंढरपुरी म्हशी मिळाल्या तर सोडू नका. त्यांची तलवारीसारखी लांब शिंगं खांद्याच्याही मागे जातात, आणि पाण्यात बसलेली म्हैस म्हणजे नवशिक्याला मिळालेलं वरदान: पाय काढावे लागत नाहीत, ती हलत नाही, आणि पाठ, डोकं, शिंगं या तीनच आकारांत चित्र उभं राहतं.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: पातळीची खूण, जमीन आणि सावली आधी, पोट-पाय-सावली एका ओलीत, उन्हातला भाग कोरा, सावलीतला भाग तुम्हाला वाटतं त्याहून गडद.

आता हलण्याचं. जनावर हलतं म्हणजे काय हलतं ते आधी बघा. माश्यांमुळे कान, शेपटी आणि डोकं सारखं हलतं. धड मात्र मिनिटंच्या मिनिटं जागचं हलत नाही. आणि आपण सुरुवात कशानं करतो? डोक्यानं! डोळा, शिंग, नाक. जो भाग सगळ्यात जास्त हलतो त्याच्या मागे लागतो आणि वैतागतो. मी पाठीच्या रेषेनं सुरू करते: वशिंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत एक रेघ, तिचा उतार कुठे आहे तो. मग छातीचा भार, पोटाचा गोल, पुठ्ठ्याचा, म्हणजे मागच्या मांडीच्या वरच्या भागाचा, उंचवटा. मग ज्या पायांवर वजन आहे ते पाय. डोकं शेवटी. गाई-बैलांचा पुढचा भाग जड असतो, निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन पायांवर येतं, त्यामुळे पुढचे पाय खांबासारखे सरळ असतात. मागच्या पायात मध्ये जो सांधा मागे आलेला दिसतो त्याला सगळे गुडघा समजतात. ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला लपलेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की मागचे पाय चुकत नाहीत.

दुसरी युक्ती अशी की एका पानावर एकच चित्र काढू नका. बैल चरताना वळला की पहिलं रेखाटन तसंच सोडून शेजारी दुसरं सुरू करा, तो पुन्हा वळला की तिसरं. दाव्याला बांधलेलं जनावर फिरून फिरून त्याच चार-पाच उभ्या राहण्याच्या तऱ्हांवर परत येतं. ते पहिल्या तऱ्हेवर आलं की तुम्हीही पहिल्या रेखाटनावर परत जा. तासाभरात पाच अर्धी रेखाटनं होतात, त्यांतली दोन बऱ्यापैकी पूर्ण होतात. हातात सहा बी पेन्सिल किंवा ब्रश पेन असावं. खोडरबर घरी ठेवा.

सगळ्यात चांगली वेळ दुपारी अकरा ते तीन. लिंबाखाली किंवा बाभळीखाली जनावरं बसून रवंथ करतात आणि जबड्याशिवाय काही हलत नाही. बसलेल्या जनावरापासूनच सुरुवात करा. बसताना ते पुढचे गुडघे आधी टेकतं आणि उठताना मागचा भाग आधी उचलतं. घोडा उठतो तो याच्या उलट, पुढचा भाग आधी उचलून. त्यामुळे मागचा भाग उचलला गेला की तुमच्याकडे दोन सेकंद उरले आहेत हे समजा. डावी कूस उजवीपेक्षा फुगीर दिसेल, कारण मोठं पोट डावीकडे असतं. तुम्ही ज्या बाजूनं बसाल त्यानुसार आकार बदलतो, म्हणून एका बाजूचं रेखाटन उलटं करून दुसऱ्या बाजूसाठी वापरू नका.

जातीचा विचार इथेच येतो. सगळी जित्राबं एका साच्याची नसतात. खिल्लाराचं कातडं अंगाला घट्ट, गळ्याखाली लोंबणारी पोळी लहान, कपाळ अरुंद आणि मधोमध खोबण, शिंगं मुळाशी जवळजवळ येऊन मागे जातात आणि धनुष्यासारखी वर वळतात. लातूरकडच्या देवणीचे कान लोंबते, आणि तिच्यातही अंगभर काळे ठिपके असलेली शेवरा वेगळी, पांढऱ्या अंगाची आणि काळ्या तोंडाची वानेरा वेगळी. अकोले-इगतपुरीच्या पावसाळी डोंगरातली डांगी वेगळी, तिच्या अंगावर तेलकट चकाकी असते आणि पावसात ती निराळीच दिसते. तुम्ही माणमध्ये बसून सर्वसाधारण 'गाय' काढलीत तर गावातलं पोरही म्हणेल की ही आमच्याकडची नाही.

फोटोबद्दल माझं मत स्पष्ट आहे: फोटो काढा, पण तो आठवणीला आधार म्हणून. मोबाइलचं भिंग रुंद कोनाचं असतं, जवळून काढलं की डोकं मोठं आणि मागचा भाग लहान होतो. शिवाय सावल्या काळ्या होतात, आणि पोटावरचा तो नारिंगी उजेड, ज्यासाठी आपण एवढ्या उन्हात बसलो, तो फोटोत येत नाही. मी फोटो घेते तो जू, शिवळा, वेसण, छकड्याची चाकं यांच्या तपशिलासाठी. चालत्या बैलाचा मात्र दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि थांबवत थांबवत बघा. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, हा क्रम दिसेल, आणि मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाजवळ पडताना दिसेल. घरी मोठं चित्र करायला काहीच हरकत नाही, पण तेव्हा जागेवरचं छोटं रंगीत रेखाटन डाव्या हाताला आणि फोटो त्याच्या पलीकडे असावा. दोघांत वाद झाला तर रेखाटनाचं ऐका.

सामानाचं भराभर सांगते. कागद 300 ग्रॅमचा, शक्यतो सुती. चैत्र-वैशाखात माणदेशात वॉश मिनिटभरात वाळतो. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवा, बराच वेळ ओल टिकते. पावसाळ्यात घाटाकडे गेलात तर उलट, अर्धा तास वाळत नाही, तिथे रंग घट्ट आणि पाणी कमी. कागदावर ऊन पडू देऊ नका. उन्हात कागद इतका चमकतो की तुम्ही सगळं गडद करत जाता आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री काळी किंवा पांढरी असावी. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणून एका चित्राला दीड-दोन तासांहून जास्त देऊ नका, आणि सावल्यांची दिशा पहिल्या दहा मिनिटांत ठरवून टाकून ती बदलू नका.

जनावराच्या मालकाला विचारल्याशिवाय बसू नका. मामांच्या गावात तुम्हाला कुणी अडवणार नाही, तरी विचारा. त्यानं 'मारकं आहे' म्हटलं तर विश्वास ठेवा. मागून जाऊ नका, छत्री बैलासमोर फटकन उघडू नका. लाल कपड्यांची भीती नको, बैल लाल रंगावर नाही, फडफडण्यावर बुजतो. आणि मालक चित्र बघायला आला की ब्रश खाली ठेवून त्याला विचारा, कुठं चुकलं? शिंगाचा बाक, पुठ्ठ्याचा उतार, मानेची जाडी, हे त्याला जितकं कळतं तितकं कुठल्याही चित्रकाराला कळत नाही. माझ्या निम्म्या चुका शेतकऱ्यांनी दुरुस्त केल्या आहेत. एकाच दिवशी शेकडो खिल्लारं बघायची असतील तर सांगोल्याचा रविवारचा बाजार आहे, खरसुंडीची यात्रा आहे. तिथे रंग नेऊ नका, गर्दीत पाणी सांडतं. वही आणि पेन पुरे.

पुढच्या सुट्टीसाठी एवढंच करून बघा. पहिल्या दुपारी रंग काढूच नका, लिंबाखाली बसलेल्या जनावरांची दोन-तीन पानं भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामांचा एक बैल मुरमाच्या मोकळ्या जागेत बांधायला सांगा, उन्हाला आडवा. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. बैल काढायचा नाही असं ठरवून फक्त त्याची सावली, त्याखालची जमीन आणि सावलीला लागून असलेलं पोट एवढंच एका वॉशमध्ये रंगवा, वरची पाठ कोरी सोडा. असे चार कागद करा, प्रत्येकी पंधरा मिनिटं. चारांपैकी एकात तरी न काढलेला बैल तुम्हाला दिसेल. तो कागद माझ्याकडे पाठवा, मग शिंगांबद्दल बोलू.